बादली आणि भंडारा

मोरबनवाडीच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार होतं, दाराला आतून कडी होती, भिंतीवर निळ्या रंगात स्वच्छतेच्या चार ओळीही रंगवलेल्या होत्या. नव्हतं ते फक्त पाणी. टाकी बसवली ती मुलांच्या बाजूला आणि तिथून भिंतीच्या या अंगाला नळ आणायचं काम कुणीतरी उद्या करू म्हणून सोडून दिलं, ते तसंच राहिलं. उद्घाटन मात्र रीतसर झालं होतं, नारळ फुटला होता, फोटो निघाले होते. आत पाऊल टाकलं की नाकाला ओढणी लावूनसुद्धा पोटात ढवळायचं. त्यामुळे शाळेतल्या मुली सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. मार्चच्या उन्हातसुद्धा नाही.

शरयूला हे कळलं ते नोकरीवर हजर झाली त्याच दिवशी. ती सांगलीची. विट्यात खोली घेऊन राहायची आणि स्कूटीवरून रोज मोरबनवाडीला यायची. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायची. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती त्या दारातून आत गेली आणि तशीच बाहेर येऊन लिंबाच्या बुंध्याशी ओकली. मुख्याध्यापक धनाजी सर लांबूनच म्हणाले, "होईल हो मॅडम, सवय होईल." त्या वासापेक्षा तिला या वाक्याची जास्त शिसारी आली. सवय होईल! मुलींना ती झालीच होती, आणि हेच तर वाईट होतं.

तिनं अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. उत्तर एकच, "भाऊसोंच्या कानावर घालतो." भाऊसो म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. ऊस त्यांचा, ग्रामपंचायत त्यांची, देवळाच्या पंच कमिटीत पहिलं नाव त्यांचं. मुलगा तिकडं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळून द्यायचं दुकान चालवतो आणि नातू विश्वजित इथं गावातल्या शाळेत दहावीला. गावातल्या बाकी ऐपतदारांची पोरं पिवळ्या बसनं विट्याच्या इंग्रजी शाळेत जायची. पण पुढारी म्हणवून घ्यायचं तर नातू गावच्या शाळेत दिसायला हवा, एवढी अक्कल भाऊसोंना होती. तेव्हा गावच्या शाळेत उरल्या मुली, गरिबाघरची मुलं आणि विश्वजित.

जानेवारी उजाडला आणि वरून परिपत्रक आलं, की मुलांना मतदानाची ओळख व्हावी म्हणून शाळाशाळांतून अभिरूप निवडणूक घ्या. इतर शिक्षकांनी कपाळाला हात लावला. शरयूच्या मात्र अंगात संचारलं. तिनं ठरवलं, घ्यायची तर पोटात गोळा येईल अशी खरी घ्यायची. शालेय मुख्यमंत्री निवडायचा. मोबाईलचं मतदान यंत्र, पुठ्ठ्याचा आडोसा, बोटाला शाई, मतदान अधिकारी, पोलीस, सगळं. आणि निवडून येईल त्याची एक मागणी संस्थेनं पुरी करायची.

गंमत म्हणजे भाऊसोंनी ती अट भर परिपाठात, टाळ्यांच्या कडकडाटात मान्य केली. "लोकशाही हाय," ते म्हणाले. "पोरं म्हणतील त्ये सव्वीस जानेवारीच्या आत. ह्यो माझा शब्द हाय."

उभी राहिली नववीतली क्रांती. बाप फौजेत, वर्षातून दोनदा घरी. घरातली गॅसची टाकी आणण्यापासून आजीच्या औषधापर्यंत सगळं हिच्या अंगावर. तिनं चिन्ह घेतलं बादली. आणि प्रचाराला खरोखरची लोखंडी बादली घेऊन ती वर्गावर्गात जायची. बादली टेबलावर ठेवायची, उपडी करायची, आणि म्हणायची, "काय पडलं? काय न्हाई पडलं. मला मत दिलंसा तर ही भरलेली दिसंल. एवढंच. दुसरं काय मी देणार न्हाई." मुली खाली मान घालून हसायच्या आणि मग मान वर करून टाळ्या वाजवायच्या. शरयू वर्गाबाहेर उभी राहून ऐकायची. सांगलीत मोठमोठ्या सभा ऐकल्या होत्या तिनं, पण इतकं सरळ भाषण कधी कानावर आलं नव्हतं.

विश्वजित उभा राहिला बॅट घेऊन. त्याला मैदानावर क्रिकेटची मॅट आणि जाळी हवी होती. पोरगा तसा वाईट नव्हता. थोडा लाजाळूच होता, आणि भाषण करताना त्याचं लक्ष सारखं दाराकडं, आजोबा आले का बघायला.

शरयूनं मनातल्या मनात हिशेब केव्हाच मांडून ठेवला होता. शाळेत मुली मुलांपेक्षा किती तरी जास्त. मुली काय, आपल्याच पाण्याला नको म्हणणार आहेत? शनिवारी तिनं सगळ्या वर्गांना एकत्र बसवून गुप्त मतदान समजावून सांगितलं. "आडोशाच्या आत तुम्ही आणि तुमचं बोट. तुम्ही कुणाचं बटण दाबलंत हे कुणालाही कळत नाही. आईला नाही, मला नाही, मुख्याध्यापक सरांना नाही, कुणाच्या बापालाही नाही."

सहावीतल्या राणीनं हात वर केला. राणी म्हणजे दोन वेण्या आणि मोठे डोळे. बापाचा जुना शर्ट गणवेशावर घालून यायची थंडीत. "मॅडम, देवाला?"

सगळी शाळा हसली. शरयूही हसली. "देवाचं नाव मतदार यादीत नाही गं," ती म्हणाली. राणी काही हसली नाही. खाली बसली.

सोमवारी मतदान झालं. शरयू आडोशाशेजारी उभी होती. सकाळपासून तिला काहीतरी खटकत होतं. शुक्रवारपर्यंत क्रांतीच्या बादलीमागून नाचत जाणाऱ्या मुली आज रांगेत गप्प होत्या. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. आडोशात जायच्या आणि निमिषात बाहेर यायच्या, गरम तव्याला हात लागल्यासारख्या. क्रांती रांगेच्या टोकाला उभी राहून एकेकीकडं हसून बघत होती आणि एकेक जण बुटाची वादी बांधायला वाकत होती. राणी आत गेली ती बराच वेळ आली नाही. मतदान पोलीस झालेल्या पोरानं शिट्टी मारली, तेव्हा बाहेर आली. ओठ पांढरे, हात दप्तराच्या पट्ट्यात गच्च अडकवलेले.

निकाल लागला. बॅट आली. थोडीथोडकी नव्हे, बादलीचा पार धुव्वा उडवून आली.

मुलांनी विश्वजितला खांद्यावर घेतलं. कुणीतरी गुलाल आणून ठेवलाच होता. मुली टाळ्या वाजवत होत्या, पण त्या टाळ्यांना आवाज नव्हता. क्रांती बादली उचलून शरयूपुढं आली. रडली नाही. "मॅडम," ती म्हणाली, "पोरांनी न्हाई दिलं त्ये समजतंय मला. पोरींनी का न्हाई दिलं?"

शरयू यंत्राचा मोबाईल पिशवीत टाकत राहिली. तिला पोरींचाच राग आला होता, खोटं कशाला सांगा. बसा आता तहानलेल्या, असंच तिच्या मनात आलं. कुणीतरी खाऊपिऊ घातलं असणार, आणि खाऊ मिळाला की सगळी माणसं सारखीच, मग ती सहावीतली का असेनात, असंही आलं. त्या संतापात ती विट्याला गेली.

दुसऱ्या दिवशी राणी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "तिला ताप हाय," आणि पळाली. शाळा सुटल्यावर शरयूनं स्कूटी राणीच्या वस्तीकडं वळवली.

उसाच्या फडाला लागून पत्र्याचं घर. दारात राणीची आजी मनुबाई तांदूळ निवडत बसलेली. राणी आत गोधडीत, भिंतीकडं तोंड करून. शरयूनं कपाळाला हात लावला. अंग कोमट होतं, फार नाही.

"ताप उतरतो अन् चढतो," मनुबाई म्हणाली. "विट्याच्या डाक्टरनं बघितलं. म्हणतोय काय न्हाई. पर पोरगी जेवत न्हाई, झोपत न्हाई. बाप रातीला निघाला की दारात जाऊन बसती."

राणीचा बाप कारखान्याला ऊस ओढायचा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर घरापेक्षा उंच ऊस. त्या रस्त्यावर हंगामात ट्रॉल्या उलटतात हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.

"काय झालंय हिला?" शरयूनं विचारलं.

मनुबाईनं सूप बाजूला ठेवलं. आत बघितलं, मग हळू बोलली. "आवं मॅडम, रविवारी समद्या पोरींना खंडोबाच्या देवळात बोलवलं हुतं न्हवं का? भाऊसोंनी. जिलेबी हुती, मठ्ठा हुता. पोरींनी खाल्लं. मग म्हणाले, आता भंडारा उचला. एकेकीच्या हातावर हळद ठेवली आन् म्हणायला लावलं, बॅटलाच बटन दाबीन, न्हाई दाबलं तर माझ्या घरावर खंडोबाचा कोप."

शरयूला क्षणभर ते नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "मुलींना? सहावीतल्या मुलींना?"

"पाचवीतल्या बी हुत्या की."

"आणि राणीनं?"

आतून गोधडी हलली. राणी उठून बसली. डोळे खोल गेले होते. "मी बादली दाबली," ती म्हणाली. "मला वाटलं, कळणार न्हाई. तुमी म्हणलासा कुणाला कळत न्हाई. पर देवाला कळलं असंल. आता पप्पाची ट्रॉली..."

शरयू तिच्याजवळ जाऊन बसली. बोलायला लागली. की जबरदस्तीनं घ्यायला लावलेली शपथ शपथच नसते. की देव असल्या गोष्टींवर कोपत नाही, कोपला तर खायला घालून लहान पोरींना धाक घालणाऱ्यांवर कोपेल. सगळं खरं होतं, नीट होतं, आणि राणीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ऐकून झाल्यावर तिनं फक्त मान हलवली. "तसं न्हाई सुटत, मॅडम. ज्यानं घातली त्यानंच सुटली म्हणाय लागतं."

हे शरयूला माहीत होतं. ती लहान असताना सांगलीतही असंच होतं. खेळात कुणी आईची शपथ घातली की ती घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणायचं. तोवर घास गिळवत नसे. पोरं एकमेकांच्या मागं धावायची, "सुटली म्हण, सुटली म्हण." खेळातल्या या कायद्यापुढं तिचं नागरिकशास्त्राचं पुस्तक म्हणजे रद्दी होती.

उठताना तिनं मनुबाईला विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी हे चालवून घेतलं?"

मनुबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आमी बी उचललाय की, मॅडम. अख्ख्या वस्तीनं, गावानं बी. फेब्रुवारीत पंचायतीचं मतदान हाय न्हवं? आमचं काय, आमी जुनी माणसं, सवय हाय. पर पोरींच्या हातावर कशाला ठेवायची हळद?"

सवय हाय. पुन्हा तेच. शरयूला वाटलं, आपण अजून लिंबाच्या बुंध्याशीच उभ्या आहोत.

ती तिथून तडक भाऊसोंच्या बंगल्यावर गेली. भाऊसो व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते, मोबाईलवर कुणाला तरी हसत शुभेच्छा देत होते. तिला बघून अदबीनं उठले, खुर्ची दिली, आत चहा सांगितला. हे तर फारच झालं. माणूस शिव्या देऊन अंगावर आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुम्ही मुलींना भंडारा उचलायला लावलात?" तिनं बसायच्या आधीच विचारलं.

"लावला की," भाऊसो म्हणाले. लपवालपवी नाही, चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नाही. "आवं मॅडम, तुमी त्ये अभिरूप का काय मतदान घेतलंसा. म्हंजे तालीमच न्हवं का? मग मी बी माझी तालीम करून घेतली. लोकं म्हणत्यात, नवी पिढी देवधर्म मानत न्हाई, मोबाईलवाली हाय. म्हणलं बगावं तरी, भंडारा अजून धरतोय का. धरतोय की!" आणि ते मोकळेपणानं हसले. "तुमच्या मशीनपरास पक्का धरतोय."

शरयू त्यांच्याकडं बघत राहिली. दात स्वच्छ, सदरा कडक इस्त्रीचा, कपाळाला अष्टगंध. या माणसाला पाण्याच्या नळाचं वाईट वाटत नव्हतं, मॅटचंही कौतुक नव्हतं. नातू निवडून आला याचासुद्धा त्याला फार आनंद नव्हता. शाळेतल्या पोरी म्हणजे त्यानं फेब्रुवारीच्या आधी घासून बघितलेली काडेपेटी होती. ओली आहे का, पेटते का, एवढंच बघायचं होतं.

"राणी आजारी आहे," ती म्हणाली. "तीन दिवस जेवली नाही. तिनं बादलीला मत दिलं आणि आता बापाची ट्रॉली उलटणार म्हणून रात्रभर दारात बसते."

"आस्सं?" भाऊसोंनी झोपाळा थांबवला. "बादलीला दिलं व्हय तिनं?"

मुलगी आजारी आहे हे त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी फक्त मत ऐकलं होतं. शरयूला आपलीच जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"तिच्यासमोर जाऊन एकदा 'सुटली' म्हणा," ती म्हणाली. "मी दुसरं काही मागत नाही. नळ नको, काही नको. एक शब्द."

"बगू की. सवडीनं."

"एक शब्द बोलायला सवड लागते?"

भाऊसोंचं हसू तेवढ्यापुरतं मावळलं. "मॅडम," ते म्हणाले, "एकीची सुटली म्हणलं की दुसरी येऊन हुबी राहती." मग पुन्हा हसले. "च्या घ्या. निवंल."

चहा तिनं घेतला नाही. तो कप तसाच कठड्यावर राहिला.

धनाजी सरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. "मॅडम, हात जोडतो. नाटक होतं ते, नाटक संपलं. पोरगी होईल बरी. तुम्ही सांगलीच्या, उद्या बदली करून जाल, आम्हाला इथंच मरायचंय." सर वाईट नव्हते. पण वाईट नसलेली इतकी माणसं एकत्र आली की त्यांच्याकडून काय होतं, ते ती रोज मधल्या सुट्टीत नाकाला ओढणी लावून बघत होती.

क्रांतीला तिनं सगळं खरं सांगितलं. सांगावं की नाही असा विचारही केला नाही. त्या मुलीचा प्रश्न तिच्यावर उधार होता. क्रांतीनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हंजे पोरींना नको हुतं असं न्हाई." एवढ्यावरच तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मग विचारलं, "सव्वीस जानेवारीला आभार कोण मानणार हाय?"

"पराभूत उमेदवारानं मानायचे असं मीच लिहिलंय," शरयू म्हणाली. लोकशाहीची शिस्त म्हणून तिनं तसं कार्यक्रमपत्रिकेत घातलं होतं.

"मग मी मानते," क्रांती म्हणाली.

सव्वीस जानेवारीला झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, भाऊसोंच्या हस्ते मॅटचं पूजन झालं. हिरवीगार मॅट मैदानात पसरलेली, तिच्यावर हळदकुंकू, कडेला झेंडूची माळ. मागं संडासाची भिंत, तिच्यावर त्या निळ्या चार ओळी. वारा तिकडून होता. पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत वास येऊ नये म्हणून सरांनी पहाटेच फिनेल टाकून घेतलं होतं. पाणी कुठून आणलं कोण जाणे, पण त्या दिवसापुरतं आणलं होतं.

सगळा गाव जमला होता. पुरुष लिंबाखाली, बायका डोक्यावर पदर घेऊन भिंतीच्या कडेनं. मनुबाई राणीला शालीत गुंडाळून घेऊन आली होती. विश्वजितनं शालेय मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. ती शपथ शरयूनंच लिहून दिली होती. निर्भयपणे, कोणाच्याही दबावाला बळी न पडता. पोरगा ते वाचताना अडखळला आणि कानापर्यंत लाल झाला. त्याला ठाऊक होतं. शरयूला त्याचीही कीव आली.

मग क्रांती माईकपाशी आली. हातात कागद नव्हता. तिनं रीतीप्रमाणं पाहुण्यांचे आभार मानले, सरांचे मानले, मंडपवाल्याचे मानले. मग म्हणाली, "विश्वजितदादाचं अभिनंदन. माझं काय म्हणणं न्हाई. भाऊसोंनी शब्द दिला हुता, मॅट आली. आता आणिक एक शब्द मागायचा हाय, त्याला कायबी लागत न्हाई. देवळात भंडारा उचलायला लावला हुता, त्यानं एक पोरगी आजारी हाय. लय पोरी भ्याल्यात. भाऊसो, ज्यांनी ज्यांनी भंडारा उचललाय, त्या समद्यांची सुटली, येवढं म्हणा."

धनाजी सर अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

भाऊसो हसले. त्यांच्यापुढं माईक धरला गेला. पोरांचा खेळ, तोंड गोड करून मोकळं व्हावं, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी ओठ उघडलेही. आणि तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडं गेली.

बायका पुढं सरकल्या होत्या. वस्तीवरच्या, गावातल्या, देवळामागच्या आळीतल्या. एकीनंही तोंडातून शब्द काढला नव्हता, पण सगळ्यांच्या माना वर होत्या आणि डोळे एका जागी, भाऊसोंच्या तोंडावर. लिंबाखालचे पुरुषही बोलायचे थांबले होते. ज्यांनी ज्यांनी. समद्यांची. पोरीनं पोरींसाठी मागितलं होतं, पण भंडारा सगळ्या गावानं उचलला होता, आणि फेब्रुवारी चार पावलांवर होता.

भाऊसोंचे ओठ मिटले.

राणी शालीतून त्यांच्याकडं बघत होती. तिला एका शब्दाची गरज होती आणि तो शब्द त्या माणसाच्या जिभेवर आलेला शरयूनं डोळ्यांनी बघितला होता. त्यानं तो गिळला. तापलेल्या पोरीकडं बघत बघत गिळला. इतकं ओंगळ तिनं त्या पाणी नसलेल्या खोलीतही कधी बघितलं नव्हतं.

"येळ झाला," भाऊसो माईकमध्ये म्हणाले. "चला, राष्ट्रगीत घ्या."

"राष्ट्रगीत झालंय सकाळी," शरयू मोठ्यानं म्हणाली.

"पुन्यांदा घ्या. देशाचं हाय, कितींदा बी घ्यावं." आणि ते स्वतः ताठ उभे राहिले.

सवयीनं सगळी शाळा उठली. सवयीनं गाव उठला. राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, माशी बसली तरी हाकलायची नाही, हे शरयूनंच त्यांना शिकवलं होतं. तीही उभी राहिली. नखं तळहातात रुतेपर्यंत मुठी आवळून उभी राहिली. तिच्या झेंड्याआड, तिच्या मुलींच्या गळ्याआड हा माणूस लपला होता, आणि ती त्याला सावधान स्थितीत उभी राहून आडोसा देत होती. विश्वजितचे ओठ हलत नव्हते. राणी आजीच्या हाताला धरून उभी होती, डोलत होती, पण उभी होती.

राष्ट्रगीत संपलं. भाऊसोंनी जयजयकारासाठी हात वर केला. घोषणा त्यांनी एकट्यानंच दिली. मागून कुणाचा आवाज आला नाही. ते खुर्चीवरची शाल उचलायला वळले.

कुणी खाली बसलं नव्हतं. मुली नाहीत, बायका नाहीत. भिंतीच्या कडेनं मनुबाई राणीचा हात धरून चालत पुढं आली, सावकाश, मॅटच्या कडेच्या झेंडूच्या माळेला वळसा न घालता, तिच्यावर पाय देऊन. खुर्च्यांपाशी येऊन थांबली. तिच्यामागं बाकीच्या बायका होत्या.

"झालं न्हवं राष्ट्रगीत?" मनुबाई म्हणाली. "आता म्हणा."